आजोबांची हातानं घडवलेली आगगाडी पुन्हा रुळावर आणताना

गोव्यातल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांनी बनवलेलं रेल्वेचं मॉडेल सापडलं, तर ते बहुधा चवथीतच, म्हणजे गणेशोत्सवातच सापडतं. मूळ घर तेव्हा उघडतं, माणसं जमतात, खोकी खाली येतात. मात्र त्या दिवसांत हवेत पाणी भरलेलं असतं. लाकूड फुगलेलं, पुठ्ठा मऊ पडलेला, जुन्या वायरींचं आवरण ओलसर. अशा वेळी उत्साहाच्या भरात ट्रान्सफॉर्मरची पिन सॉकेटमध्ये घातली, तर साठ-सत्तर वर्षं टिकलेली वस्तू एका क्षणात जळू शकते, आणि रुळाला हात लावलेल्या मुलाच्या जिवावरही बेतू शकतं. म्हणून पहिली गोष्ट ही, की जुनी पिन कधीच सॉकेटला लावायची नाही. ट्रान्सफॉर्मरची वायर पिनेपाशी कापून टाका. तो ट्रान्सफॉर्मर यापुढे फक्त पाहण्यासाठी ठेवायचा.

दुसरी गोष्ट या साऱ्या कामाचा पाया आहे. हातानं बनवलेल्या मॉडेलची किंमत त्या हातात असते. दुधाच्या पावडरीच्या डब्यातून कापलेला पत्रा, थोडा वाकडा बसलेला डाख (सोल्डर), कंपासनं आखून कानशीनं घासलेलं चाक, या गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. नवी मोटर बाजारात मिळते, वायर मिळते. त्यामुळे वीज पूर्ण नवी करायची, पण शक्यतो मॉडेलच्या बाहेर. उरलेल्या कामात फक्त तेवढंच करायचं, जे उद्या कोणी काढू म्हटलं तर मूळ वस्तूला ओरखडा न पडता निघेल.

कामाचं वेळापत्रक

चवथीला खोकं उतरलंच, तर नुसतं उघडून पाहा आणि घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत टेबलावर ठेवा. जमिनीवर नको, चिऱ्याच्या भिंतीला टेकूनही नको. चिरा ओल धरून ठेवतो, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. खरं काम दिवाळीनंतर सुरू करायचं. नोव्हेंबरात सावलीत, वाऱ्यावर, पंख्याचा झोत थेट अंगावर न घेता दोन-तीन आठवडे सुकू द्यायचं. उन्हात ठेवण्याचा मोह टाळा. ऊन लागलं की लाकडाची वरची बाजू आधी आकसते आणि फळी वाटीसारखी वाकते, पत्र्यावरच्या रंगाला फोड येतात. डिसेंबर-जानेवारीत सफाई आणि रूळ, फेब्रुवारीत मोटर आणि वायरिंग, मार्चअखेर चाचणी. एप्रिलपासून हवा पुन्हा दमट होऊ लागते. डाख आणि रंगाची कामं त्याआधी आटोपलेली बरी.

खोकं उघडताना नाकावर मास्क आणि हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत. माळ्यावर उंदरांचा वावर असतो. त्यांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पातळ द्रावणानं भिजवलेल्या कापडानं टिपून घ्या, पण हे द्रावण खोक्यापुरतंच वापरा, मॉडेलवर थेंबही नको. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा कुठलाही जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि या टेबलावर मुलांनी खाऊ खायचा नाही.

काही हलवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक बाजूनं, खालूनही, आणि फोटोत एक पट्टी ठेवून. फोटोतून माप अचूक मिळत नाही, म्हणून रुळांचा नकाशा वेगळ्या पद्धतीनं घ्यावा. फळीवर वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरायचा, कडेला चिकटपट्टी लावायची आणि मेणाचा खडू आडवा धरून हलकेच फिरवायचा. रुळांच्या कडा कागदावर जशाच्या तशा उमटतात. प्रत्येक सांधा आणि प्रत्येक वळण एकास एक मापात हाती येतं. पुढे एखादा रूळ सुटला, तर तो नेमका कुठे बसवायचा हे या कागदावरून कळतं. देखाव्यातली झाडं-घरं आड येत असतील, तर तेवढा भाग सोडून द्या.

खोक्यातलं काहीही फेकू नका. तळाशी अंथरलेलं वर्तमानपत्र, डब्याच्या आतल्या बाजूला उरलेली पोर्तुगीज अक्षरं, पुठ्ठ्यावरचा शिक्का, यांवरून काळ ठरवता येतो. आजी, आत्या, थोरले काका यांना मॉडेल दाखवून विचारा आणि त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.

समोर नेमकं काय आहे

व्हर्नियरनं दोन बाहेरच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, म्हणजे गेज, मोजा. एकाच जागी मोजून भागत नाही. हाताच्या कामात फरक असतोच, म्हणून दहा-बारा ठिकाणी मोजा आणि सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा धरा. ३२ मि.मी. आला तर ओ गेज, १६.५ आला तर ओओ किंवा एचओ, २२.५ आला तर एस गेज, ४५ आला तर गेज वन.

पण गोव्यातल्या मॉडेलला हा तक्ता पुरत नाही. मुरगाव बंदरापासून वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे, दूधसागर, करंझोळ मार्गे कॅसल रॉकला जाणारी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची लाइन मीटर गेज होती. १८८८ मध्ये ती पुढच्या मीटर गेज मार्गाला जोडली गेली, आणि ब्रॉडगेज गोव्यात पोहोचली ती थेट १९९० च्या दशकात. म्हणजे आजोबांच्या डोळ्यांसमोर असलेली गाडी एक मीटर रुंदीच्या रुळांवर चालत होती. त्यांनी तीच गाडी बाजारात मिळणाऱ्या १६.५ मि.मी.च्या रुळांवर बसवली असेल, तर मॉडेलचं प्रमाण एकास साठच्या आसपास येतं. ३२ मि.मी.वर बसवली असेल, तर एकास एकतीस. ताडून पाहायचा सोपा मार्ग इंजिनाच्या मोठ्या चाकात आहे. मीटर गेजवर देशभर चाललेल्या वायपी या वाफेच्या इंजिनाचं मोठं चाक १३७२ मि.मी. व्यासाचं, वायजीचं १२१९ मि.मी. एकास एकतीसला ही चाकं अनुक्रमे ४४ आणि ३९ मि.मी. भरतात, एकास साठला २३ आणि २०. हा हिशेब जुळला, तर डबे उगाच जाडजूड का दिसतात याचं उत्तर मिळतं, आणि ते चुकीच्या मापाचे आहेत असं समजून कोणी बदलायला जाणार नाही.

आतली यंत्रणा मात्र परदेशी निघू शकते. १९५५ मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केल्यावर कॅसल रॉककडची रेल्वे वाहतूक थांबली, पण समुद्रमार्गे युरोपचा माल गोव्यात येत राहिला. त्यामुळे घरी कापलेल्या पत्र्याच्या आत हॉर्नबी किंवा मार्कलिनची मोटर सापडली, तर नवल नाही.

मग मधला रूळ पाहा. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ असेल किंवा खिळ्यांच्या डोक्यांसारखी टोकं एका ओळीत असतील, तर वीज मधून येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते. अशा गाडीची चाकं आणि आस सलग धातूचे असतात. ती गाडी आजच्या दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवली की तत्काळ शॉर्ट होते. उलट, दोनच रूळ असतील, तर प्रत्येक आसावर एका बाजूच्या चाकात वीज अडवणारी फायबरची किंवा कागदाची चकती असली पाहिजे. मल्टिमीटरनं दोन्ही चाकांना टोकं लावून पाहा. बीप वाजली, तर ती चकती गेली आहे किंवा मुळातच गाडी तीन रुळांची आहे.

कीड, गंज, रंग

बारीक, एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी असेल, तर तो भुंगेरा. मातीच्या रेघा असतील, तर वाळवी. फळीवर बोटानं टिचक्या मारत जा. आवाज पोकळ येतो तिथे आत काही उरलेलं नाही. सागाला हे सहसा होत नाही, आंब्याच्या फळीला आणि पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाला हमखास होतं.

रंग नसलेले लाकडी सुटे भाग, म्हणजे स्लीपर, पुलाचे खांब, फलाटाच्या पट्ट्या, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर हवेतलं पाणी जमतं. रंगवलेल्या किंवा धातू चिकटवलेल्या भागांना हा उपाय करू नका, रंग तडकतो. मोठ्या फळीसाठी कीडनियंत्रणवाल्याला बोलवा, पण फवारा फक्त खालच्या, कोऱ्या बाजूनं मारायला सांगा.

पितळेच्या बाबतीत एक सवय मोडावी लागते. समई चिंचेनं लखलखते म्हणून रुळांनाही चिंच किंवा लिंबू लावलं जातं. समई आपण नंतर भरपूर पाण्यानं धुतो. मॉडेलच्या रुळाखाली, खिळ्यांच्या फटीत, डाखाच्या कडेला गेलेलं आम्ल धुऊन निघत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवट थर चढतो. सुती कापडावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा फक्त माथा पुसा. पॉलिश पेपर वापरू नका. त्याच्या चऱ्यांत पुढे काजळी बसते आणि रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळा पडतो. रंगावर अल्कोहोल लागू देऊ नका, लाखेवरचा रंग लगेच विरघळतो.

पत्र्यावरचा हलका गंज, जिथे रंग नाही तिथे, ०००० नंबरच्या स्टील वूलवर शिलाई मशीनचं तेल घेऊन निघतो. नंतर तेल पूर्ण पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. रंगाखालचा गंज खरवडू नका. कोरडं ठेवलं की तो पुढे सरकत नाही. डब्याच्या खिडक्यांना काचेऐवजी जुन्या फिल्मची पट्टी लावलेली असेल, तर सावध राहा. सेल्युलॉइड झपाट्यानं पेटतं. ज्या डब्याला अशा खिडक्या आहेत, त्याच्या जवळ डाखाची इस्त्री आणायचीच नाही. व्हिनेगरचा वास येत असेल, तर फिल्म कुजायला लागली आहे, ती वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा.

ओतीव धातूचं चाक किंवा इंजिनाचा सांगाडा फुगलेला, जाळीदार भेगा पडलेला दिसला, तर ती जस्ताच्या मिश्रधातूतल्या शिशाच्या भेसळीची व्याधी आहे. तिला इलाज नाही. तो भाग वेगळा ठेवा, माप घ्या आणि पितळेचा नवा घडवून घ्या.

रूळ

गाडी घसरते तेव्हा दोष बहुतेकदा रुळात असतो आणि लोक चाकं वाकवत बसतात. आधी एक माप-पट्टी बनवा. ३ मि.मी. जाड पितळेचा तुकडा कानशीनं घासत नेमका गेजच्या रुंदीचा करायचा. ही पट्टी सगळ्या रुळांमधून सरकवत न्या. जिथे अडकते तिथे रूळ जवळ आले आहेत, जिथे खडखडते तिथे लांब गेले आहेत. दमट हवेत स्लीपर फुगतो आणि कोरड्यात आकसतो, खिळे त्यामुळे सैल होतात. सैल खिळा ठोकून बसवू नका. तो काढून भोकात बांबूची बारीक काडी पांढऱ्या गोंदात बुडवून घाला, सुकल्यावर तोच खिळा पुन्हा बसवा.

त्यानंतर इंजिन नाही, तर सर्वांत हलका डबा हातानं ढकला. बोटाला प्रत्येक धक्का कळतो. सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, अडखळला, तर आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. सगळ्या आसांवर ते सारखं हवं. एखादं ०.३ मि.मी.पेक्षा वेगळं असेल, तर तेच चाक सांध्याच्या टोकावर चढतं. डबा हलका असेल, तर आत लोखंडी नट चिकटवून वजन वाढवा. शिसं नको.

रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट असू द्या. पितळ मीटरला दहा अंशांमागे ०.२ मि.मी. वाढतं, तेवढी सोय पुरते. खरी हालचाल फळीची असते, आणि ती धाग्याच्या आडव्या दिशेनं होते. म्हणून मूळ फळीला आधार द्यायचा असेल, तर खाली १२ मि.मी.चा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय आणि ५० बाय २५ मि.मी.च्या पट्ट्यांची चौकट घ्या, पट्ट्यांमध्ये ४५ सें.मी. अंतर ठेवा. प्लायच्या कडांसकट सगळ्या बाजूंना पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. मूळ फळी या चौकटीला चिकटवायची नाही. खालून स्क्रू मारायचे आणि प्लायमधली भोकं लांबट ठेवायची, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

तीन रुळांच्या मार्गात मधल्या रुळाखाली पुठ्ठ्याच्या किंवा मेणकागदाच्या चकत्या असतात. सगळी गाडी उचलून बाजूला ठेवा आणि मधला व बाहेरचा रूळ यांच्यातला रोध (रेझिस्टन्स) मोजा. १०० किलोओमच्या वर असेल, तर ठीक. दहाच्या खाली असेल, तर कागदानं ओल धरली आहे. इंजिनाला त्यानं फरक पडत नाही, पण डीसीवर ही गळती धन बाजूचा धातू हळूहळू खाते, आणि चकतीशेजारी हिरवा किंवा पांढरा चुरा दिसू लागतो. चकती पातळ फायबर शीटची नवी करा. जुनी एका पाकिटात, जागेचा नंबर घालून ठेवा.

नवा डाख लावताना २५ वॉटची इस्त्री पितळी रुळाला पुरत नाही. रूळ उष्णता ओढून घेतो, डाख वर गोळा होऊन बसतो आणि नंतर सुटतो. ६० वॉटची घ्या, ६०/४० चा रोझिन भरलेला डाख घ्या, चार-पाच सेकंदांत काम संपवा. भांडी दुरुस्त करणारे वापरतात तो नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स इथे अजिबात नको. गोव्याच्या हवेत तो वर्षभरात जोड खातो. आजोबांनी तोच वापरला असेल, तर जुन्या जोडांवर हिरवट पापुद्रा दिसेल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं पुसा, मग साध्या पाण्यानं, मग अल्कोहोलनं.

मोटर

आधी चुंबक आहे की वेटोळं, ते ओळखा. लहान स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरजवळ नेलं आणि ओढलं गेलं, तर कायमचा चुंबक आहे, म्हणजे डीसी मोटर. ओढलं गेलं नाही आणि आर्मेचरशेजारी, म्हणजे फिरणाऱ्या वेटोळ्याशेजारी, दुसरं स्थिर वेटोळं (फील्ड) दिसलं, तर ती फील्ड मोटर. ती एसी-डीसी दोन्हींवर चालते.

चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर बाहेर काढू नका. जुन्या चुंबकाचं वर्तुळ उघडं पडलं की त्याची ताकद कमी होते आणि परत येत नाही. काढावंच लागलं, तर आर्मेचर सरकतानाच चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा बसवा.

कम्युटेटरचे, म्हणजे आर्मेचरला वीज पोहोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याचे, तीन तुकडे असतात. लागोपाठच्या दोन-दोन तुकड्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत सारखे असले पाहिजेत. एक दुप्पट किंवा शून्य आला, तर वेटोळं तुटलं किंवा शॉर्ट झालं आहे, आणि मोटर पुन्हा गुंडाळून घ्यावी लागेल. पंखे आणि मिक्सर गुंडाळणारे कारागीर वास्को, मडगाव, म्हापशात आहेत. त्यांना तारेची जाडी आणि फेऱ्यांची संख्या जुन्या वेटोळ्यावरून मोजून घ्यायला आधीच सांगा. मग कम्युटेटर आणि लोखंडी आस यांच्यातला रोध. तो मेगओममध्ये हवा.

कम्युटेटर अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा, आणि तुकड्यांमधल्या तीन फटींतली काळी पूड बांबूच्या टोकदार काडीनं काढा. सुई वापरलीत, तर तांब्याला ओरखडा पडतो. याच फटी भरल्यानं अनेक मोटरी मेल्यासारख्या पडून असतात.

जुनं तेल पूर्ण काढायला हवं. आपल्याकडे हाताशी असलेलं खोबरेल तेल यंत्राला घालण्याची रीत होती. ते काळानुसार चिकट होतं, आणि थंडीत पारा चोविसाच्या खाली गेला की गोठतंही. व्हाइट पेट्रोलमध्ये भिजवलेल्या काडीनं, खिडक्या उघड्या ठेवून आणि घरात कुठेही ज्योत नसताना, बेअरिंग साफ करा. मग प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. कम्युटेटरला थेंबही नाही. गंज सोडवणारे स्प्रे वंगण म्हणून वापरू नका. ते उडून जातात आणि मागे चिकट थर ठेवतात.

पहिली चाचणी थेट करू नये. गाड्यांच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मोटरशी एकसर जोडा. मोटर अडकली किंवा शॉर्ट असली, तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही. मोटर मोकळी फिरली, तर बल्ब मंद राहतो किंवा पेटतही नाही. एका स्वस्त बल्बनं आर्मेचर वाचतं. चाकं वर ठेवून तीन व्होल्टपासून सुरुवात करा, दोन मिनिटं चालवा, बंद करून बोट लावा. चटका बसला, तर थांबा. मोटर रिकामी असताना सुसाट फिरते, डबा लावला की बसते, आणि करंट जास्त घेते, ही लक्षणं एकत्र दिसली तर चुंबक उतरला आहे. त्याच्या कडेला लहान निओडिमियम चुंबक, ध्रुव जुळवून, नुसते ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो, आणि ते कधीही काढता येतात.

फील्ड मोटरची एक अडचण नेहमी समोर येते. रुळांतल्या विजेची दिशा बदलली तरी गाडी त्याच दिशेनं जाते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. उपाय चार पायांच्या ब्रिज रेक्टिफायरचा आहे, केबीएल ४०६ पुरतो. फील्डची दोन्ही टोकं सोडवा आणि रेक्टिफायरच्या + आणि − पायांना जोडा. जिथून फील्ड काढलं त्या मोकळ्या जागी, म्हणजे मधल्या रुळावरून वीज घेणारी पट्टी आणि पहिला ब्रश (कम्युटेटरवर टेकणारा वीज देणारा तुकडा) यांच्यामध्ये, एसीचे दोन पाय जोडा. आता फील्डमधून वीज कायम एकाच दिशेनं वाहते आणि दिशा फक्त आर्मेचरची बदलते. फील्डचं कुठलंही टोक सांगाड्याला लागलेलं नाही, हे मल्टिमीटरनं पाहा. रेक्टिफायरमध्ये दीड-दोन व्होल्ट जातात, त्यामुळे अशा इंजिनाला १२ ऐवजी १५ व्होल्ट द्या. कोळशाच्या टेंडरमध्ये तो सहज लपतो. इंजिनात उलटी दिशा देणारा स्वतःचा रिले बसवलेला असेल, तर मात्र ही जोडणी करू नका. ती गाडी नव्या एसी ट्रान्सफॉर्मरवरच चालवा.

वीज

जुन्या ट्रान्सफॉर्मरवर अविश्वास का, हे नीट समजून घ्या. आत २३० व्होल्टचं वेटोळं आणि १२ किंवा १६ व्होल्टचं वेटोळं यांच्यामध्ये कागद, सुती कापड आणि व्हार्निश एवढंच असतं. कित्येक पावसाळ्यांनी त्यात ओल शिरली आहे. तो अडसर कुठे एका ठिकाणी फुटला, तर घरची वीज थेट रुळांवर येते, आणि गाडी तशीच चालत राहते, त्यामुळे कळतही नाही. काही पेट्यांत सेलेनियमच्या पत्र्यांचा रेक्टिफायर असतो. तो जळला की कुजक्या लसणासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो.

नवी मांडणी अशी करा. बीआयएस चिन्हाचा, १२ किंवा १५ व्होल्ट ५ अँपिअरचा बंद डब्यातला अडॅप्टर. त्याच्या पुढे ३ अँपिअरचा फ्यूज. मग डीसी मोटरसाठीचा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर आणि दिशा बदलायला सहा टोकांचा दुहेरी स्विच, मधली जागा बंदची असलेला. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर या निमित्तानं बसवून घ्या. आजोबांचा वेग कमी-जास्त करायचा दांडा आणि निक्रोम तारेचा रोध जागेवर राहू द्या. दांड्याच्या मागे एक नवा पोटेन्शिओमीटर जोडला, तर त्याच दांड्यानं नवा कंट्रोलर चालवता येतो, आणि हे करण्यासारखं आहे.

फळीखालच्या कापडी वायरी काढू नका. दोन्ही टोकं सोडवून त्यांवर कागदी टॅग बांधा आणि आहेत तिथेच ठेवा. कुठली वायर कुठे नेली यातून आजोबांनी विचार कसा केला ते कळतं. नवी मुख्य जोडी १ चौरस मि.मी.ची, तिच्यापासून दर मीटर रुळाला ०.५ चौरस मि.मी.चा एक फाटा. टोकाला गाडी मंदावत असेल, तर हे फाटे कमी पडत आहेत.

सांधे बदलणारी वेटोळी बटण दाबून धरलं की जळतात, कारण ती क्षणभराच्या करंटसाठीच गुंडाळलेली असतात. २४ व्होल्टच्या लहान अडॅप्टरमधून २२० ओम, ५ वॉटच्या रोधातून ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर भरा आणि बटण कपॅसिटर व वेटोळं यांच्यामध्ये लावा. दाबलं की एक झटका बसतो, सांधा बदलतो. बटण अडकून राहिलं तरी वेटोळ्यातून फार तर ११० मिलिअँपिअर जातात. पुढच्या झटक्यासाठी चार सेकंद द्या.

देखावा

मऊ ब्रशनं धूळ उडवायची आणि व्हॅक्युमच्या तोंडाला पायमोज्याचं जाळीदार कापड बांधून ती ओढून घ्यायची, म्हणजे सुटलेलं झाड किंवा सिग्नलचा हात आत जात नाही. रंगवलेला भुसा, लाल मातीचा थर, पुठ्ठ्याची कौलं उचलू लागली असतील, तर मिथाइल सेल्युलोजच्या पातळ गोंदानं बसवा. मैद्याची खळ नको, कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात. फिकट पडलेला रंग पुन्हा देऊ नका.

घाट दाखवलेला असेल, तर चढ मोजा. कुळे ते कॅसल रॉक दरम्यानच्या ब्रागांझा घाटातल्या खऱ्या लाइनला एकास सदतीसचा चढ आहे आणि मालगाडीला तिथे जादा इंजिनं लागतात. आजोबांनी तोच चढ ठेवला असेल, तर जुन्या मोटरला दोन-तीन डब्यांपेक्षा जास्त लावू नका.

पावसाळ्यासाठी

मेअखेर इंजिनं आणि डबे फळीवरून काढा, आम्लरहित टिश्यूत गुंडाळा आणि रबरी कडेच्या झाकणाच्या, घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिक पेटीत ठेवा. १०० लिटरच्या पेटीला अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल पुरतं. दाणे हिरवे झाले की वेगळ्या ट्रेमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरा. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट असतं. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिक आणि रंग मऊ पडतात. पेटीत एक लहान हायग्रोमीटर ठेवा आणि आकडा ४५ ते ६० टक्क्यांमध्ये राहील असं पाहा. फळी पेटीत मावत नाही. तिच्यावर सुती चादर घाला, प्लॅस्टिक नको, कारण त्याखाली बुरशी येते. कौलांच्या पन्हळीखाली ठेवू नका. खोलीत एसी असेल, तर तो ड्राय मोडवर रोज ठरावीक वेळ चालवा. कधीतरी जोरात गार करून बंद केला की थंड धातूवर पाणी जमतं.

एका वहीत तारीख घालून प्रत्येक बदल लिहा. काय काढलं, काय घातलं, जुना भाग कुठल्या पाकिटात आहे. वहीची एक प्रत त्याच पेटीत ठेवा आणि रुळांचा खडूनं काढलेला नकाशा तिच्याबरोबर गुंडाळून ठेवा. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर गाडी रुळांवर ठेवण्याआधी मधल्या रुळाचा रोध आणि मोटरच्या कम्युटेटर व आस यांच्यातला रोध पुन्हा मोजून त्याच वहीत लिहा. गेल्या वर्षीच्या आकड्याच्या निम्म्यावर आला असेल, तर आठवडाभर आणखी सुकू द्या आणि मगच बल्ब जोडा.